तेराव्या महिन्याचे जोंधळे : दानपत्रातल्या एका लॅटिन शब्दाचं प्रकरण

जुलै २०२३ मध्ये सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका घरातून मला निरोप आला. घरात तीन पिढ्या सुताचा व्यापार होता, आता अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. पणजोबांनी स्वातंत्र्यापूर्वी एक दानपत्र केलं होतं. त्यावर चालणाऱ्या छोट्या धर्मादायाची कागदपत्रं नव्यानं लावायची होती, म्हणून दानपत्राचं स्वच्छ, आजच्या मराठीतलं भाषांतर हवं होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि गेली काही वर्षं कागदपत्रांची भाषांतरं करते. काम दोन दिवसांचं वाटलं होतं. लागला एक महिना, आणि तोही अधिक महिना.

मूळ मोडीतलं दानपत्र केव्हाच गहाळ झालं होतं. हातात होती ती कोर्टाच्या जुन्या कामासाठी केलेल्या इंग्रजी भाषांतराची टंकलिखित पाच पानं. त्या इंग्रजीवरून पुढे कोणीतरी मराठी भाषांतर करून दिलं होतं, आणि साठेक वर्षं सगळा कारभार त्याच मराठीवर चालला होता. मराठीतून इंग्रजीत गेलेला मजकूर इंग्रजीतून परत मराठीत आला होता. अशा प्रवासात काय सांडतं, ते मला नंतर कळलं.

प्रकरण ज्या कलमावरून उभं राहिलं ते साधं आहे. पूर्व भागातल्या विणकर घरांमधल्या निराधार बायकांना दर चांद्र महिन्याच्या अमावास्येला प्रत्येकी ११ शेर जोंधळे द्यावेत. आणि ‘इंटरकॅलरी’ महिन्यात प्रत्येकी ३३ शेर द्यावेत. जुन्या मराठी भाषांतरात त्या शब्दाच्या जागी होतं: ‘मधल्या महिन्यात’.

घरच्यांनी त्याचा अर्थ सरळ लावला होता. चैत्रापासून मोजलं तर सहावा, म्हणजे मधला महिना भाद्रपद. भाद्रपदाची अमावास्या म्हणजे सर्वपित्री. पितरांच्या दिवशी तिप्पट दान! यात कोणाला काय खटकणार? चूक इतक्या चांगल्या जागी जाऊन बसली होती की तिची रूढी झाली. घरातल्या दोन पिढ्यांना वाटत होतं की पणजोबांनी पितृपक्ष मनात धरूनच हे लिहिलं आहे.

१७ जुलैचा सोमवार

कागद न्यायला मी गेले तो दिवस आषाढी अमावास्येचा होता. वाड्याच्या ओसरीवर सतरा बायका बसल्या होत्या, प्रत्येकीपुढे पिशवी उघडून धरलेली. जोंधळे मोजायला अजून जुनं पितळी शेराचं मापच वापरतात. मोजणारा गडी माप पोत्यात खुपसायचा, तळहातानं वरचे दाणे सपाट करायचा आणि पिशवीत ओतताना मोठ्यानं आकडा म्हणायचा. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार... अकरा. पुढची पिशवी. पुन्हा लाभ.

त्या बायकांमध्ये एक ऐंशीच्या घरातली अक्का होत्या. घरची भाषा तेलुगू, पण सोलापुरात जन्म गेलेला. पिशवीचं तोंड बांधता बांधता त्या थोरल्या विश्वस्तांना म्हणाल्या, “अण्णा, उद्यापासनं धोंडा लागतोय. पुढल्या अमुशाला जास्तीचं देनार न्हाई का?”

अण्णा म्हणाले, “जास्तीचं सर्वपित्रीला देतोच की, अक्का.”

“त्ये देतावच. पन धोंड्याला मिळायचं म्हनं. आमच्या अत्तम्मा सांगायच्या.”

अत्तम्मा म्हणजे सासूबाई. अण्णा हसून पुढं गेले, आणि खरं सांगायचं तर मीही ते कानाआड केलं. घरी येऊन मी कलमाचं भाषांतर केलं आणि ‘इंटरकॅलरी’ला ‘आंतरमास’ असा शब्द घातला. ‘मधला’पेक्षा तो मला भारदस्त वाटला. अर्थाच्या दृष्टीनं मी जुन्या भाषांतरकाराइतकीच चुकले होते. मीही शब्दाचा पहिला तुकडा पकडला आणि दुसरा सोडून दिला.

शब्द उघडून पाहिला तेव्हा

त्या रात्री मला ३३ हा आकडा स्वस्थ बसू देईना. दानपत्रात सगळीकडे पाचाच्या, दहाच्या, अकराच्या रकमा होत्या. तेहतीस फक्त इथंच. आपल्याकडे तेहतीस कधी येतं? अधिक महिन्यात. जावयाला ३३ अनारसे, ब्राह्मणाला ३३ दानं, दिवे लावायचे तर ३३. कोणी म्हणतं तेहतीस कोटी देवांमुळे, कोणी म्हणतं बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक येतो म्हणून. कारण काहीही असो, हा आकडा आणि धोंड्याचा महिना यांची गाठ महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात पक्की आहे. मी कोश काढून बसले.

‘इंटरकॅलरी’चं मूळ लॅटिन क्रियापद ‘इंटरकॅलारे’. त्याचे दोन तुकडे पडतात. ‘इंटर’ म्हणजे मध्ये. आणि ‘कॅलारे’ म्हणजे मोठ्यानं पुकारणं, दवंडी पिटणं, सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर करणं. म्हणजे हा शब्द ‘मधे असलेला’ एवढंच सांगत नाही. दोन महिन्यांच्या मधे पुकारून घातलेला, असं तो सांगतो. शब्दाचा सगळा जीव त्या पुकारण्यात आहे.

दुसऱ्या दिवशी हे सांगायला गेले तर अण्णांच्या पुतण्यानं विचारलं, “बाई, जोंधळ्याचा विषय आहे, तर याचा कॅलरीशी काही संबंध?” प्रश्न रास्त होता. पण ‘कॅलरी’ आली ‘कॅलोर’ म्हणजे उष्णता या लॅटिन शब्दापासून. ती वेगळी. अण्णांनी आपल्या धंद्यातला शब्द काढला. कापड प्रोसेसला गेलं की शेवटी ज्या तापलेल्या रुळांमधून काढून त्याला सफाई आणतात, त्या यंत्रालाही कॅलेंडरच म्हणतात. तेही वेगळं, त्याचं मूळ ग्रीकांच्या ‘किलिंड्रॉस’मध्ये, म्हणजे लाटण्यासारख्या गोल रुळात. पण भिंतीवर टांगतो ते कॅलेंडर मात्र या पुकारण्याचंच सख्खं भावंड आहे, आणि त्याची गोष्ट अण्णांसारख्या व्यापाऱ्यानं ऐकावी अशी आहे.

जुन्या रोममध्ये महिन्याच्या पहिल्या दिवसाला ‘कॅलेंडी’ म्हणत, म्हणजे पुकारण्याचा दिवस. कारण अक्षरशः तेच होई. चंद्राची कोर दिसली की पुरोहित लोकांना कॅपिटोल टेकडीवर बोलावत आणि या महिन्याचा पुढचा टप्पा पाचव्या दिवशी येणार की सातव्या, ते ओरडून सांगत. व्हॅरो या रोमन पंडितानं ही पुकारण्याची वाक्यं नोंदवून ठेवली आहेत. ज्या जागेवरून हे होई त्या जागेच्या नावातही हाच ‘कॅलारे’ धातू होता. महिना आकाशात लागत असेल, पण गावात तो पुकारल्यावर लागे.

आता व्यापाराची बाजू. रोममध्ये कर्जावरचं व्याज दर महिन्याच्या कॅलेंडीला द्यावं लागे. म्हणून सावकाराच्या व्याजाच्या वहीला नाव पडलं ‘कॅलेंडारियम’. आपण आज सण आणि सुट्ट्या बघायला जे भिंतीवर लावतो, त्याचा पूर्वज ही कर्जाची खतावणी आहे. हे सांगितल्यावर अण्णा काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे वहीतूनच आलं म्हणा सगळं.” त्यांच्या तोंडून निघालेलं हे वाक्य पुढं प्रकरण सोडवायला कामी आलं.

पुकारणारा कोण?

रोमन लोकांचं जुनं वर्ष ३५५ दिवसांचं होतं. ऋतूंशी ते जुळेना, म्हणून काही वर्षांत फेब्रुवारी २३ किंवा २४ तारखेला तोडून पुढं एक जादा महिना घालत. एकंदर २२-२३ दिवसांची भर पडे. हाच त्यांचा ‘इंटरकॅलरी’ महिना. आपल्या अधिक महिन्याशी त्याचं नातं आहे, पण दोघे एक नाहीत. त्यांच्या महिन्यांचा चंद्राशी संबंध तोवर तुटला होता आणि भर घालायची जागाही ठरलेली होती, फेब्रुवारीत. आपला अधिक महिना हा पुरता चांद्रमास असतो, अमावास्येपासून अमावास्येपर्यंत. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं, दरवर्षी अकराएक दिवसांची तूट साठत जाते. ज्या चांद्रमासात सूर्य एकही रास बदलत नाही, ज्यात संक्रांत पडत नाही, तो महिना अधिक. तो जागा बदलतो: २०१८ ला ज्येष्ठ, २०२० ला आश्विन, २०२३ ला श्रावण.

मोठा फरक पुकारणाऱ्यात आहे. रोममध्ये महिना घालायचा की नाही हे पुरोहितमंडळाच्या हातात होतं, आणि ते पुरोहित राजकारणीही होते. आपल्या माणसाची मुदत वाढवायची तर महिना घाला, विरोधकाची कापायची तर घालू नका. सिसेरो हा रोमन वक्ता आणि राजकारणी इसवी सनापूर्वी ५१ मध्ये किलिकिया (आजच्या तुर्कस्तानातल्या) प्रांताचा कारभारी म्हणून गेला आणि तिथून मित्रांना विनवण्या करू लागला की यंदा जादा महिना पुकारू देऊ नका. त्याला घरी यायचं होतं, एक एक दिवस जड होता. ज्युलियस सीझर स्वतः मुख्य पुरोहित होता, पण लढायांत गुंतलेला. पुकारायचं राहत गेलं आणि पंचांग ऋतूंच्या तीनेक महिने पुढं निघून गेलं. ते जागेवर आणायला त्यानं इसवी सनापूर्वीचं ४६ वं वर्ष ४४५ दिवसांचं केलं आणि मग महिन्याऐवजी चार वर्षांतून एक दिवस घालण्याची पद्धत आणली.

आपल्याकडे पुकारण्याचं काम गणितानं आणि पंचांगानं केलं, आणि याबाबतीत सोलापूर हे काही कोपऱ्यातलं गाव नाही. दाते पंचांग इथलंच. शंभराहून अधिक वर्षं महाराष्ट्रातल्या घराघरांत ‘अधिक कोणता’ हे सोलापुरातून छापून जातं. आणि पुकारणारा बदलला की महिना बदलतो, हेही आपण पाहतो. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांची मकर संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते, कारण राशीचक्र कुठून सुरू करायचं याचं त्यांचं मोजमाप वेगळं आहे. संक्रांती सरकल्या की बिनसंक्रांतीचा महिनाही कधीकधी वेगळा ठरतो, आणि मग कोकणातल्या काही घरांत सण महिन्याच्या फरकानं होतात. म्हणून हा महिना ‘मधे असतो’ म्हणणं मला अपुरं वाटतं. तो मधे असल्याचं कोणीतरी सांगावं लागतं, आणि ऐकणाऱ्यांनी मानावं लागतं.

जुन्या भाषांतरकाराला दोष देऊन मी मोकळी होणार नाही. पुकारणं या शब्दातून इंग्रजीतही गळत गेलं आहे. माझी भाची अकरावीला शास्त्र शाखेत होती, तिला हा शब्द वनस्पतिशास्त्रात भेटला होता. ज्वारी, ऊस, गवत यांच्या पेराच्या बुडाशी वाढणारी जी ऊती असते, जिच्यामुळे कांडं लांबतं, तिला हेच विशेषण लावतात. मोबाईलच्या बॅटरीत लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात, त्या क्रियेचं नावही याच शब्दावरून आलेलं. तिथं कोणी काही पुकारत नाही, नुसतं मधे शिरणं उरलं आहे. भाषांतर करणाऱ्याच्या हाती असा एखादा अर्थ लागला असेल तर ‘मधला’ हा शब्द त्याला अगदी बरोबर वाटला असणार. पण दानपत्र महिन्याबद्दल बोलत होतं, आणि महिन्याच्या बाबतीत हा शब्द आपला जुना अर्थ धरून आहे.

तेरावा महिना

तरीही एक प्रश्न राहत होता. अधिक महिना पुण्याचा म्हणून दान वाढवलं, हे समजतं. पण मग जोंधळेच का, आणि तिप्पट का? पणजोबा व्यापारी होते. त्यांच्या बाकीच्या कलमांत एक दाणाही भावनेच्या भरात दिलेला दिसत नाही.

उत्तर आपल्या भाषेतच होतं, आणि ते मला सुचायला इतके दिवस लागावेत याची मला खंत वाटते. ‘दुष्काळात तेरावा महिना.’ आपण ही म्हण संकटावर संकट आलं की वापरतो आणि तो तेरावा महिना कुठला, याचा विचारही करत नाही. तो हाच, धोंडा. वर्षाचं धान्य बारा महिन्यांच्या हिशेबानं कणगीत भरलेलं असतं. वर्षाकाठी ठरलेली मजुरी, वर्षाचं बलुतं, वर्षाचा करार, सगळं बारा अमावास्यांवर बेतलेलं. त्यात तेरावी अमावास्या आली की पोट मात्र महिनाभर जास्त खातं. आणि महिन्याच्या बोलीवर काढलेल्या कर्जाचं तिथीनं मोजलेलं व्याज? तेही तेरा वेळा. रोमन सावकाराची वही आणि पेठेतल्या सावकाराची वही या बाबतीत सारखीच.

सोलापूरच्या अवर्षणाबद्दल इथल्या माणसाला सांगायला नको. मागावर बसणाऱ्या घरातल्या विधवेला तेरावा महिना म्हणजे काय, हे सुताच्या व्यापाऱ्याला रोज दुकानात दिसत असणार. त्यानं म्हण ऐकली होती आणि ती कलमात उतरवली होती. हे दान पितरांसाठी नव्हतं. हिशेबात न बसणाऱ्या महिन्यासाठी होतं. असं माझं मत झालं. पण मत म्हणजे पुरावा नाही, आणि धर्मादायाच्या कागदावर मत लावता येत नाही.

वहीतून आलं

‘वहीतूनच आलं सगळं’ हे अण्णांचं वाक्य मला आठवत होतं. मी विचारलं, जुन्या वह्या आहेत का? माळ्यावर लाल बासनांत बांधलेल्या सतरा-अठरा रोजकीर्दी निघाल्या, सगळ्या मोडीत. ओळखीतले एक निवृत्त कारकून मोडी वाचतात, त्यांना बोलावलं. कोणत्या वर्षी काय शोधायचं हे मी आधी ठरवून ठेवलं होतं, कारण अधिक महिने एकोणीस वर्षांच्या चक्रात बहुधा त्याच जागी परत येतात. एकोणीस सौर वर्षं आणि २३५ चांद्रमास जवळपास बरोबर जुळतात, त्यात सात महिने अधिक. २०२३ ला श्रावण अधिक, २००४ ला श्रावण अधिक. तसंच मागे जात राहिलं की १९८५, १९६६, १९४७.

१९४७. शके १८६९. त्या वर्षीचा अधिक श्रावण १८ जुलैला लागला आणि १६ ऑगस्टला संपला. देश स्वतंत्र झाला तो दिवस अधिक महिन्यातलाच होता, हे मला त्या टेबलावर बसल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं. शके १८६९ ची वही बासनात होती.

कारकुनांनी पान सावकाश उलटलं. शाईला तांबूस झाक आली होती, एका कडेला वाळवीनं अर्धवर्तुळ कुरतडलं होतं, पण आकडे शाबूत. अधिक श्रावणाच्या अमावास्येला धर्मादाय खात्यावर जोंधळे, दर बाई ३३ शेर. पुतण्यानं भाद्रपदाचं पान काढायला सांगितलं. सर्वपित्रीला, दर बाई ११. कारकुनांनी दोन्ही ओळी पुन्हा एकदा बोटानं वाचून दाखवल्या. अण्णांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

म्हणजे १६ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, याच ओसरीवर तिप्पट जोंधळे मोजले गेले होते. अक्कांच्या सासूबाई त्या रांगेत असतील. कागद हरवला, इंग्रजीत गेला, चुकून परत आला, आणि या साऱ्या काळात बरोबर अर्थ टिकून राहिला तो एका सासूनं सुनेला सांगितलेल्या गोष्टीत. इतक्या कोशांपेक्षा मला ते मोठं वाटतं.

काय ठरलं

पुढचा वाद खरा होता. पुतण्याचं म्हणणं नियमाला धरून होतं. दानपत्र अधिक महिना म्हणतंय, तर सर्वपित्रीचे ३३ बंद करून ११ करावेत, आणि अधिकात ३३ द्यावेत. त्यानं हिशेबही मांडला. एकोणीस वर्षांत सर्वपित्री एकोणीस वेळा येते, अधिक महिना सात वेळा. म्हणजे प्रत्येक चक्रात बारा वेळा २२ शेर जास्त गेले, बाईमागे २६४ शेर. संस्थेच्या तिजोरीतून इतकी वर्षं दानपत्राबाहेरचं दान झालं.

आकडे बरोबर होते. पण माझं मत त्याच्या उलट होतं आणि मी ते सांगितलं, मला विचारलं नव्हतं तरी. साठ वर्षं ज्या बायकांनी सर्वपित्रीचे तेहतीस शेर धरून वर्षाचं गणित केलं, त्यांच्या दृष्टीनं तेही आता बाराच महिन्यांचा भाग झालेत. आमच्या एका शब्दाची चूक आम्ही त्यांच्या पिशवीतून दुरुस्त करायची का? अण्णांनी दोन दिवस घेतले. मग ठराव झाला: दानपत्राप्रमाणे अधिक महिन्याचे ३३ शेर संस्था देईल, सर्वपित्रीला संस्थेचे ११ आणि वरचे २२ घरच्या कारखान्याच्या खात्यातून, पितरांच्या नावानं. पुतण्यानंच तो ठराव लिहिला आणि खर्चाचा तक्ताही करून दिला. त्याला हिशेब स्वच्छ हवा होता, तो मिळाला.

माझ्या भाषांतरात ‘आंतरमास’ खोडून मी ‘अधिक मासात (धोंड्याच्या महिन्यात)’ असं लिहिलं. लोकांच्या तोंडचा शब्द मुद्दाम ठेवला. पुढं कधी कोणी हे कलम पुन्हा इंग्रजीत नेलं आणि परत आणलं, तर कंसातला धोंडा तरी वाटेत सांडू नये. शेजारी शके १८६९ च्या रोजकीर्दीतल्या त्या दोन ओळींचा हवाला जोडला.

अधिक श्रावणाची अमावास्या बुधवारी आली, १६ ऑगस्ट २०२३. १९४७ च्या त्याच तारखेला, बरोबर चार चक्रांनी. ओसरीवर पिशव्यांऐवजी बायकांनी गोणपाटं आणली होती, काहींनी नातवंडांना उचलायला बरोबर घेतलं होतं. गड्यानं माप खुपसलं, तळहातानं सपाट केलं आणि आवाज लावला. लाभ, दोन, तीन. अकरा झाल्यावर सवयीनं त्याचा हात थांबला. अण्णा म्हणाले, “चालू दे.” बारा, तेरा, चौदा...

अक्का पाचव्या होत्या. गडी मराठीत आकडे पुकारत होता आणि त्या खाली बघत ओठांतल्या ओठांत तेलुगूत मोजत होत्या. शेवटचं माप पडलं तेव्हा दोघांचा आकडा एकदमच आला. त्याचा तेहतीस, त्यांचा मुप्पै मूडु.